चार गट, एक पॉलीहाऊस: आठव्या सत्राच्या नोंदी

कृषी पदवीच्या शेवटच्या सत्रात आम्ही ईएलपीसाठी (अनुभवातून शिकण्याचा कार्यक्रम) संरक्षित शेती हा विषय घेतला. कॉलेजचं दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस (२८ बाय ३६ मीटर, नैसर्गिक वायुवीजनाचं, वर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, बाजूंना ४० मेशची जाळी) चार गटांत वाटून मिळालं. दोन गटांकडे ढोबळी मिरची, एकाकडे काकडी, एकाकडे टोमॅटो. आमच्याकडे ढोबळीचे चार बेड होते. खर्च गटाचा, विक्री गटाची, उरेल ते गटातल्या सहा जणांचं. पॉलीहाऊस, वीज आणि पाणी कॉलेजचं.

लागवडीची माहिती पुस्तकात मिळते, म्हणून ती इथे फारशी नाही. एकाच कागदाखाली चार पिकं आणि चार गट असले की कीड कशी फिरते आणि फवारणीचा निर्णय कुणी घ्यायचा, हे मात्र पुस्तकात सापडलं नाही. पुढच्या बॅचसाठी आणि दुसऱ्या कॉलेजांत असंच सामायिक पॉलीहाऊस सांभाळणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या.

६ जानेवारी

आधीचं पीक उपटून बाहेर जाळीला लागूनच टाकलेलं होतं. त्या ढिगात टोमॅटोची रोपं आपोआप उगवली होती आणि त्यांच्या पानांखाली पांढरी माशी होती. म्हणजे लागवडीआधीच कीड दारात. ढीग लांब खड्ड्यात पुरला, पॉलीहाऊसभोवतीचं गाजरगवत फुलायच्या आत उपटलं. गाजरगवताच्या फुलांत फुलकिडे राहतात, त्यामुळे हे काम लागवडीनंतरही दर पंधरवड्याला करायचं ठरलं.

बेड ९० सेंटीमीटर रुंद, ४० उंच, मध्ये ५० सेंटीमीटरची वाट. लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस. शेणखत अर्धवट कुजलेलं निघालं, हात घातला तर आत गरम आणि त्यात हुमणीच्या अळ्या. दोन ट्रॉल्या परत पाठवता येत नव्हत्या, म्हणून चाळून अळ्या वेचल्या आणि उरलेलं खत ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळून ओलं करून झाकलं. लागवड त्यामुळे चार दिवस पुढे गेली.

९ जानेवारी

ड्रिपची तपासणी. लॅटरल (बेडवरच्या ड्रिपच्या नळ्या) जुन्याच आहेत. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकसारख्या बाटल्या ठेवून दहा मिनिटं पाणी सोडलं. शेवटच्या बाटलीत निम्म्याहून कमी पाणी. शेवटची टोपणं काढून लॅटरल धुतल्या, मग आम्ल प्रक्रिया केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतल्या. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावूनच. तरीही बंद राहिलेले ड्रिपर खुणा करून बाजूला नवे टोचले. बाटल्यांची ही चाचणी पीक उभं असताना करणं अवघड जातं, म्हणून ती रिकाम्या बेडवरच उरका.

१४ जानेवारी

ढोबळीची लागवड. नागमोडी पद्धतीने दोन ओळी, झाडांत ४५ सेंटीमीटर. चार बेडमध्ये ६०० रोपं. वाहतुकीसह रोप साडेदहा रुपयांना पडलं, म्हणजे ६,३०० रुपये रोपांचेच. काकडीच्या गटाची रोपं चार दिवस आधी लागली होती.

रोपवाटिकेतून आलेले ट्रे आम्ही थेट आत नेले. मुळं पांढरी आहेत का, खोड सरळ आहे का, एवढंच पाहिलं. ट्रे दोन दिवस बाहेर सावलीत ठेवून पानांची खालची बाजू आणि शेंडे भिंगाने बघायला हवे होते. पुढे ढोबळीवर जे कोळी (अतिसूक्ष्म कीड) निघाले, ते रोपांबरोबर आले की नंतर, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि त्याचं कारण ही न झालेली तपासणी.

२३ जानेवारी

रात्री थंडी पडते आहे, ढोबळी जागच्या जागी उभी. बाजूचे पडदे पाच वाजता खाली आणि सकाळी नऊला वर, असं ठरलं आहे. पण दोन दिवस पडदे दुपारपर्यंत बंदच राहिले. प्रत्येक गटाला वाटलं की दुसरा गट उघडेल. कागदाच्या आतून थेंब गळून काकडीची पानं भिजली आणि खालच्या पानांवर केवड्याचे पिवळे कोनाकृती ठिपके आले.

आता पडद्यांची पाळी गटाची नाही, माणसाची आहे. दारावर रोजचं एक नाव लिहिलेलं असतं. त्या मुलाला किंवा मुलीला जमणार नसेल तर त्यानेच बदली शोधायची.

१ फेब्रुवारी

चिकट सापळे लावले. पांढरी माशी, मावा आणि नागअळीच्या माशीसाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे. पहिल्यांदा ते डोक्याच्या उंचीवर तारेला बांधले गेले, कारण तिथे बांधायला सोपं. आठवडाभरात त्यांवर धूळच जास्त. झाडाच्या शेंड्याच्या किंचित वर आणल्यावर लगेच किडी दिसू लागल्या. झाड वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो, त्यामुळे सुतळीला सरकगाठ मारा.

कॉलेजच्या कार्यक्रमात मिळालेले पिवळे टी-शर्ट बरेच जण आत घालून येत होते. पिवळ्या कपड्यावर पांढरी माशी आणि मावा बसतो आणि माणसाबरोबर बेडवरून बेडवर जातो. ते बंद केलं. टोमॅटो-काकडीत काम करून ढोबळीत यायचं नाही, उलट क्रमाने जायचं, हेही त्याच दिवशी ठरलं. हा क्रम पाळणं सर्वांत कठीण गेलं, कारण दार काकडीच्या बाजूला आहे.

१० फेब्रुवारी

ढोबळीचं पहिलं फूल, म्हणजे फांद्या फुटतात त्या बेचक्यातलं, खुडलं. ते ठेवलं तर झाड त्या एका फळावरच अडकतं. चार फांद्या धरून सुतळीने वर तारेला बांधल्या. काकडीला बगलफूट काढायचं काम सुरू आहे.

काकडीच्या पिवळ्या सापळ्यांवर पांढरी माशी वाढते आहे. टोमॅटोच्या गटाने त्यांच्या बेडवर काहीतरी फवारलं असं नंतर कळलं. काय, किती, कधी, याची नोंद नाही.

२२ फेब्रुवारी

आमच्या चौथ्या बेडवर, काकडीला लागून असलेल्या, शेंड्याची पानं आक्रसलेली दिसली. पॉलीहाऊसचे मामा बघून म्हणाले, “बोकड्या आलाय.” मिरचीला बोकड्या म्हटलं की आम्हाला फुलकिडेच आठवले. निळ्या सापळ्यावर थोडे फुलकिडे होतेही. संध्याकाळी स्पिनोसॅड आणलं, छोटी बाटली जवळपास १,४०० रुपयांना. दुसऱ्या दिवशी एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने चारही बेड फवारले.

२४ फेब्रुवारी

सकाळी काकडीच्या गटाची तोडणी होती. आमच्या फवाऱ्याचे थेंब त्यांच्या लगतच्या बेडवर गेले होते, पानांवर वाळलेले डाग स्पष्ट दिसत होते. ढोबळीला फळच नव्हतं, त्यामुळे काढणीआधी किती दिवस थांबायचं हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नाही. काकडी मात्र एक दिवसाआड तुटते. स्पिनोसॅडच्या लेबलवर मिरचीसाठी तीन दिवस थांबायला सांगितलं आहे, काकडीचं त्यावर नावच नव्हतं. सरांनी त्या बेडवरची काकडी विकायला साफ मनाई केली. थांबलं तर फळं जून होतात, झाडावर ठेवली तर पुढची कळी गळते. सहा क्रेट माल तोडून खड्ड्यात टाकावा लागला. जनावरांनाही घातला नाही.

बरीच बोलाचाली झाली. शेवटी बाजारभाव धरून २,००० रुपये आमच्या गटाने काकडीच्या गटाला दिले. ते आमच्या हिशोबात खर्च म्हणून लिहिले आहेत आणि ते तसेच लिहायला हवेत. वाटणी बेडची झाली होती, हवेची झाली नव्हती.

२ मार्च

आठवडा होऊन गेला, बोकड्या कमी नाही. उलट तिसऱ्या बेडवरही आला. गटातल्या दोघांचं म्हणणं होतं की मात्रा वाढवून पुन्हा मारू. दुसऱ्या ढोबळी गटाला विषाणूची शंका होती, ते झाडं उपटायला निघाले होते. आम्ही पाच शेंडे पिशवीत घालून कीटकशास्त्र विभागात नेले.

मॅडमनी भिंगाखाली ठेवण्याआधी पान नुसतं हातात धरून विचारलं, “कडा कुठे वळल्यात?” फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखं दिसतं. आमच्या पानांच्या कडा खाली वळलेल्या होत्या, पानं अरुंद झालेली, देठ लांबलेले, खालची बाजू तपकिरी चकचकीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोळी दिसले. लाल कोळी नव्हेत, त्यांची जाळी असते आणि ते जुन्या पानांवर असतात. हे पिवळसर, जवळजवळ पारदर्शक, कोवळ्या शेंड्यात राहणारे. आकार ०.२ मिलिमीटरच्या आसपास, साध्या डोळ्याला दिसतच नाहीत. त्यांची अंडी ओळखायला सोपी: लंबगोल आणि वर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाहीत.

दुसरी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. हे कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. काकडीवर वाढलेली पांढरी माशी आम्ही काकडीच्या गटाची अडचण समजत होतो. प्रादुर्भाव काकडीलगतच्या बेडपासून का सुरू झाला, याचं सर्वांत पटणारं उत्तर तेच आहे.

स्पिनोसॅड फुलकिड्यांसाठी चांगलं आहे, या कोळ्यांवर ते चालत नाही. पैसे त्यामुळे गेले.

३ मार्च

चारही गट, सर आणि मामा एकत्र बसले. पॉलीहाऊससाठी एकच फवारणी वही. कुठल्याही गटाने फवारायचं असेल तर आदल्या दिवशी वहीत लिहायचं: बेड, कीड, ती भिंगाखाली पाहिली का, औषध, मात्रा, लेबलवरचा थांबायचा कालावधी, आणि शेजारच्या गटाची सही. सही नसेल तर मामा औषधाच्या कपाटाची किल्ली देणार नाहीत. मामांनी ही जबाबदारी घेतली म्हणून हे चाललं. आम्ही आपसांत ठरवलेले आधीचे नियम आठवड्याभरात ढिले पडत होते.

दर सोमवारी निरीक्षण. प्रत्येक बेडमधली दहा झाडं, प्रत्येकाचा शेंडा आणि मधली दोन पानं, दहा पट भिंगातून. भिंग १८० रुपयांचं आहे. जानेवारीत घेतलं असतं तर या वहीतली बरीच पानं वेगळी असती.

५ मार्च

कोळ्यांसाठीची फवारणी. आधी शेंडे पार जळालेली ६४ झाडं काढली. ती ओढत वाटेने नेली नाहीत, जागच्या जागी पिशवीत बांधून मग बाहेर काढली आणि उन्हात बंद पिशवीतच ठेवली.

काकडीच्या गटाने सकाळी सगळी तोडणी केली. ढोबळी आणि काकडीच्या मध्ये जुना पॉलीथीनचा कागद तारेला पडद्यासारखा टांगला. एचटीपी न वापरता पाठीवरचा नॅपसॅक पंप, दाब कमी, नोझल शेंड्याजवळ आणि पानांच्या खालून. स्पायरोमेसिफेन घेतलं, मिरचीच्या लेबलवर त्याचा कोळ्यांसाठी उल्लेख आहे आणि काढणीआधी सात दिवस थांबायला सांगितलं आहे. मात्रा लेबलप्रमाणेच. काकडीचा सर्वांत जवळचा अर्धा बेड तरीही आठवडाभर विक्रीतून बाहेर ठेवला.

काकडीवरच्या पांढऱ्या माशीसाठी त्या गटाने पिवळे सापळे दुप्पट केले, खालची जुनी पानं काढून पुरली (पिल्लं आणि कोष तिथेच असतात) आणि संध्याकाळी आर्द्रता असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी मारलं. ही जैविक बुरशी भर दुपारी मारून उपयोग नाही, वाळून जाते.

१३ मार्च

शेंडे अजून वाकडेच. गटात पुन्हा फवारणीचा विषय निघाला. भिंगाखाली मात्र जिवंत कोळी जवळपास नाहीत, अंड्यांची टरफलं आहेत. या कोळ्यांच्या लाळेने झालेली विकृती कोळी मेल्यावरही राहते, आणि एकदा वळलेलं पान सरळ होत नाही. म्हणून वीस झाडांच्या शेंड्याखाली लाल दोरा बांधला. दोऱ्याच्या वर जे नवीन येईल तेवढंच बघायचं, खालचं बघायचं नाही.

१९ मार्च

दोऱ्याच्या वर रुंद, सपाट, हिरवी पानं. वीसपैकी सतरा झाडांवर. दुसरी फवारणी केली नाही. ज्या तीन झाडांवर शंका होती ती काढून टाकली.

या काळात बसलेली फळं खराब आहेत, सालीवर तपकिरी खरखरीत चट्टे. ती लहान असतानाच तोडली. मोठी झाली असती तरी आडत्याने बाजूलाच काढली असती, आणि झाडाची ताकद त्यांच्यात गेली असती.

२५ मार्च

पहिली चांगली तोडणी, हिरवी. याच आठवड्यात दोन वेगळ्या अडचणी.

फळांच्या टोकाला काळे, बसलेले डाग. बुरशी वाटून एका गटाने बुरशीनाशक वहीत लिहिलं, पण मॅडमनी सही होऊ दिली नाही. हा कॅल्शियमचा प्रश्न आहे, आणि त्याच्या मागे पाण्याचा. थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा आणि एका आठवड्यात रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात झाडांना एकदम भरपूर पाणी मिळत होतं आणि दुपारी बेड कोरडे. टाकीत पाणी साठवून दिवसात तीन वेळा थोडं थोडं सोडायला लागल्यावर नवीन फळं स्वच्छ आली.

त्याच भरात कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (फॉस्फेटचं विद्राव्य खत) एकाच टाकीत कालवलं गेलं. पाणी दुधाळ झालं, तळाला पांढरा गाळ बसला, व्हेंच्युरी (ड्रिपमध्ये खत ओढून घेणारा भाग) आणि पुढच्या लॅटरल चोंदल्या. कॅल्शियमचं खत फॉस्फेटच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कधीच नाही. एक दिवस कॅल्शियम, दुसऱ्या दिवशी बाकीचं. ड्रिप मोकळं करायला दोन दिवस गेले, ऐन उन्हाच्या तडाख्यात.

३ एप्रिल

दुपारी काकडीच्या दोन बेडवरची झाडं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. पाणी पुरेसं आहे. एक झाड उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मातीतून मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. उभ्या पिकात आता फार काही करता येणार नाही. पीक तसंही संपत आलं होतं. महत्त्वाचं हे की त्याच बेडवरची खुरपी आणि बादल्या सगळे वापरत होते. आता त्या बेडांची हत्यारं वेगळी, दांड्यांना लाल पट्टी. मुळं कंपोस्टमध्ये टाकली नाहीत, वाळवून जाळली. बेड क्रमांक ११ आणि १२.

११ एप्रिल

ढोबळीवर भुरी: पानाच्या वर फिकट पिवळे डाग, खालून पांढरी पावडर. गंधक स्वस्त आहे, पण आत दुपारी चाळीसच्या पुढे तापमान जातं आणि अशा उन्हात गंधकाने पानं करपतात, वेलवर्गीय पिकांची तर आधी. वहीत या कारणासाठी तो नाकारला. खालची पानं काढून हवा खेळती केली, फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारा) सकाळी अकरा ते तीनपुरताच ठेवला, वर ५० टक्क्यांची शेडनेट ओढली. भुरी थांबली नाही, पण वर चढण्याचा वेग कमी झाला. सत्र संपायला आलं असताना एवढं पुरेसं होतं. पूर्ण हंगाम घेणाऱ्याला पुरेसं ठरणार नाही.

२८ एप्रिल

हिशोब. रोपं ६,३००, विद्राव्य खतं ४,२००, पीक संरक्षण ३,८५० (त्यातले १,४०० चुकीच्या निदानाचे), सुतळी, सापळे आणि भिंग २,१००, क्रेट आणि बाजारापर्यंतची वाहतूक २,४००, काकडीच्या गटाला २,०००. एकूण २०,८५० रुपये. आडत्याच्या सर्व पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) मिळून विक्री २६,४००. उरले ५,५५०.

रंगीत मालाला हिरव्याच्या दुपटीहून जास्त भाव मिळाला, पण फळ पूर्ण रंगायला हिरव्या अवस्थेनंतर आणखी तीन-चार आठवडे लागतात. बोकड्यात गेलेले आठवडे परत मिळाले नाहीत, म्हणून आमचा बहुतेक माल हिरवाच गेला. सत्र जानेवारी ते मे असेल तर रोपं डिसेंबरच्या सुरुवातीला लावलेली हवीत. ते काम सातव्या सत्रातल्या मुलांनी करावं असं आम्ही विभागाला लेखी दिलं आहे.

९ मे

सगळी झाडं मुळांसकट काढली, बाहेर ढीग ठेवला नाही. बेड ११ आणि १२ सोडून बाकीच्यांत शेणखत. त्या दोन्हींत आधी सौर प्रक्रिया: ढेकळं फोडून बेड सपाट केले, खोलवर भिजवले आणि २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद घट्ट पसरून कडा मातीने दाबल्या. काळा कागद नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पॉलीहाऊसचे पडदेही बंद ठेवले आहेत.

कागद किमान सहा आठवडे, म्हणजे २० जूनपर्यंत काढू नये. काढल्यावर हे बेड खोल खणू नयेत, खालची न तापलेली माती वर येते. मग पॅसिलोमायसिस (सूत्रकृमींवर चालणारी बुरशी) मिसळलेलं शेणखत वरच्या थरातच द्यावं आणि पहिलं पीक म्हणून झेंडू घ्यावा, काकडी किंवा टोमॅटो नको. फवारणी वही, भिंग आणि लाल पट्टीची हत्यारं मामांकडे आहेत. पहिल्या सोमवारी निरीक्षण सुरू करताना वहीचं ४१ वं पान उघडा, तिथे कोळ्यांच्या अंड्यांचं मॅडमनी काढून दिलेलं चित्र चिकटवलं आहे.